दाढ दुखतेय तेव्हा काय करायचं आणि दुखायची थांबली की त्याहून घाईने काय करायचं

रात्री दीड-दोनला दाढ ठणकायला लागली की घरात काय काय होतं ते मला पाठ आहे. आधी लवंग शोधायची, मग मिठाचं पाणी, मग फ्रीजमधलं गार पाणी तोंडात धरून ओट्याला टेकून उभं राहायचं, पाणी तोंडात कोमट झालं की परत कळ, परत नवीन घोट. माझ्या खालच्या डाव्या दाढेने मला असं सलग चार रात्री उभं केलं आणि पाचव्या दिवशी सकाळी ती अचानक गप्प झाली, इतकी गप्प की मी त्याच बाजूने पोहे खाल्ले आणि दुपारची डॉक्टरांची वेळ फोन करून रद्द केली. आठ महिन्यांनी जबडा सुजून तोंड दोन बोटांएवढंही उघडेना तेव्हा कळलं, त्या सकाळी दाढ बरी झाली नव्हती, तिची नस मेली होती.

त्या आठ महिन्यांमुळेच हे लिहायला बसलोय. मी डॉक्टर नाही, पण माझी एक आणि आईच्या दोन अशा तीन रूट कॅनाल, म्हणजे दाढ न काढता आतली नस काढून पोकळी भरायचं काम, जवळून बघितल्यात, खुर्चीवर बसून आणि खुर्चीशेजारी उभं राहून, आणि दर वेळी डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे समजलं ते इथे सांगतोय.

आधी आजच्या रात्रीचं बघू. पहिलं काम, मऊ ब्रशने हलक्या हाताने दात घासा आणि दोन दातांच्या फटीतून फ्लॉसचा दोरा फिरवा, कारण कधीकधी पेरूची बी किंवा मटणाचा धागा हिरडीत रुतून बसलेला असतो आणि तो निघाला की अर्ध दुखणं तिथेच जातं. सेफ्टी पिनने टोकरू नका, हिरडी फाटते. मग ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून चुळा भरा. झोपताना दोन उशा घ्या, डोकं वर राहिलं की ठणका थोडा कमी होतो.

गोळीचं म्हणाल तर दातदुखीवर मोठ्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडते ती साधी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पोटात काहीतरी टाकून मग, आणि जोडीला पॅरासिटामॉल. दोन्ही वेगळ्या रीतीने काम करतात म्हणून एकत्र घेतल्या तर जास्त आराम पडतो. पण बाजारात ह्या दोन्ही एकाच गोळीत असलेलीही मिळते, ती घेऊन वर परत पॅरासिटामॉल घेतली तर नकळत डोस वाढतो, तेव्हा पाकिटावर वाचा. डॉक्टरांना न विचारता २४ तासांत आयबुप्रोफेन ४०० च्या ३ गोळ्यांच्या वर नाही आणि पॅरासिटामॉल सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ५०० च्या ८ गोळ्या ही शेवटची हद्द, तिथपर्यंत जायचंच असं नाही. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने नको, लिव्हरचा त्रास असेल तर पॅरासिटामॉलही विचारून. आणि पावसाळ्यात अंगात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल तरी आयबुप्रोफेन नको.

लवंगेला मी नावं ठेवणार नाही. तिच्यात युजेनॉल नावाचं बधिर करणारं द्रव्य असतं आणि दातांचे डॉक्टर स्वतः तात्पुरतं सिमेंट भरताना तेच वापरतात, क्लिनिकमध्ये शिरल्याशिरल्या जो वास येतो ना तो बऱ्याचदा तोच. पण लवंगेचं तेल थेट हिरडीवर ओतलं तर हिरडी भाजते. कापसाच्या बोळ्याला एक थेंब, तो फक्त दाढेच्या खड्ड्यात, बस. अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून दाढेशी ठेवणं हा प्रकार तर अजिबात करू नका, माझ्या मावसभावाने केला होता, गालाच्या आतली कातडी पांढरी होऊन सोलून निघाली, दाढ दुखतेय ती दुखतेयच. गालाला बाहेरून शेक द्यायचा तर गरम पिशवी नको, रुमालात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. दुखऱ्या दाढेशी मिश्री किंवा तंबाखू धरायची सवय आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, थोडा वेळ बधिर वाटतं म्हणून लोक करतात, पण त्याने कीड थांबत नाही आणि बाकीच्या तोंडाची वाट लागते ती वेगळीच.

आता हे रात्रीच का होतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. दाताच्या बाहेरून इनॅमल असतं, ते शरीरातलं सगळ्यात कडक, आत डेंटिन, आणि मधोमध पोकळीत नस, म्हणजे मऊ मांस, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर जंतू जगतात, त्यांचं आम्ल इनॅमल पोखरत आत जातं. हाताला जखम झाली तर हात सुजतो, सुजायला जागा असते. नस सुजली तर तिने जायचं कुठे, चारही बाजूंनी कडक भिंती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो अक्षरशः ह्या नसेला बसत असतो. आणि आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसभर सहन होणारी दाढ गादीवर पडल्यापडल्या ठोके मारायला लागते.

दुखणं कसं आहे त्यावरून दाढ कुठल्या पायरीवर आहे ते बरंचसं कळतं, म्हणून डॉक्टरकडे जायच्या आधी एक दिवस नीट लक्ष ठेवा. कुल्फी किंवा बर्फाचा गोळा लागल्यावर सणक येते आणि दोन-चार सेकंदात जाते, तर नस अजून वाचण्यासारखी आहे, बहुतेक वेळा नुसतं सिमेंट भरून भागतं आणि हा सगळ्यात स्वस्तात सुटायचा टप्पा आहे. पण गार लागल्यावर कळ येऊन मिनिट मिनिट राहते, चहाचा पहिला घोट घेतला की ब्रह्मांड आठवतं, काही न खातापिता आपोआप ठणकते, कान आणि कानशील पण दुखतं, नक्की वरची दाढ की खालची हे सुद्धा सांगता येत नाही, अशी लक्षणं असली तर नस सहसा परत सुधारत नाही. माझं ते गार पाण्याने बरं वाटणं होतं ना, ते बहुतेक शेवटाकडचं लक्षण असतं हे मला फार नंतर कळलं.

आणि मग येते ती शांतता. नस मेली की दुखणार कोण. गार लागत नाही, गरम लागत नाही, माणूस म्हणतो सुटलो. आत मात्र मेलेल्या मांसावर जंतू वाढत असतात, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू धरतो. ह्याला कधी आठवडे लागतात, कधी महिने. मग एक दिवस दाढ किंचित उंच झाल्यासारखी वाटते, घास चावताना आधी तीच टेकते आणि दुखते. किंवा हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, तोंडाला खारट घाण चव येते, परत भरते. ती पुटकुळी दुखत नाही म्हणून लोक वर्ष वर्ष तिच्यासोबत राहतात. नका राहू. ती हाडातल्या पुवाला फुटलेली वाट आहे. भयंकर दुखणारी दाढ आपोआप थांबली, मध्ये कुठलाही उपचार नाही, तर ती वेळ रद्द करायची नसते, अलीकडे आणायची असते. उशीर होतो तसं हाड झिजतं, दाढ आणखी पोखरते आणि वाचवायला उरतं काय हाच प्रश्न येतो.

काही गोष्टींत मात्र सकाळचीही वाट बघायची नाही. सूज जबड्याच्या खाली किंवा गळ्याकडे उतरतेय, जिभेखाली कडक लागतंय, गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, आवाज बदललाय, श्वास अडकतोय, डोळ्याभोवती सूज चढतेय, सोबत ताप आणि थंडी, ह्यातलं काहीही असेल तर दातांचा दवाखाना शोधत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला. खालच्या दाढेचा पू जिभेखालच्या जागेत पसरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते आणि हे काही तासांत होतं. शुगरवाल्यांनी जास्तच जपा. आणखी एक, डावा जबडा दुखतोय, दाढेला बोट लावलं तर काही नाही, पण चालल्यावर वाढतंय, घाम फुटतोय, छाती भरून येतेय, तर ते दाताचं नसून हृदयाचं असू शकतं, तिथेही तीच घाई. उलट वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम दुखतायत, वाकलं की डोकं जड होतं आणि सर्दी आहे, तर बहुतेक सायनस.

आता एक गोष्ट मला खरंच कळकळीने सांगायचीये. मेडिकलवाल्याकडे जाऊन ‘दाढ दुखतेय, पाच दिवसांचा कोर्स द्या’ हे बंद करा. सुजलेल्या नसेचं दुखणं अँटिबायोटिकने जात नाही, आणि नस मेल्यावर तर आत रक्तच पोचत नाही, मग औषध पोचणार कसं? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं त्यातही हेच आहे, की निरोगी माणसाच्या बहुतेक दातदुखीवर अँटिबायोटिक नको, दाताचं काम करा. ताप आला, सूज पसरायला लागली की डॉक्टर देतात आणि तेव्हा ते सांगतील तसं घ्यायचं. कोर्सने दाबून ठेवलेली दाढ लग्नसराईत किंवा गणपतीत बरोबर डोकं वर काढते, तेव्हा दवाखाने बंद.

डॉक्टर कुठला? रूट कॅनाल बीडीएस, म्हणजे दातांची पहिली पदवी घेतलेले, डॉक्टर पण करतात आणि भरपूर जण फार छान करतात. एंडोडॉन्टिस्ट म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं ह्याच कामाचं एमडीएस केलेले, मागची वाकड्या मुळांची दाढ असेल किंवा आधीची रूट कॅनाल बिघडली असेल तर त्यांच्याकडेच जा, पुष्कळ क्लिनिकमध्ये ते ठरलेल्या दिवशी येतात, फोनवर विचारून घ्या. पैशाची अडचण असेल तर दाढ तशीच सोडू नका, मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज, मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर डेंटल, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी डेंटल कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं, इथे खासगीपेक्षा कितीतरी कमी पैशात होतं. विद्यार्थी करतात पण वर शिक्षक उभे असतात, फक्त चकरा जास्त आणि सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचा.

गेल्यावर आधी एक्स-रे होतो. मग गार लावून बघतात, दातावर टकटक करतात. तुमची सगळी औषधं सांगा, बीपी, शुगर, हाडं ठिसूळ होतात म्हणून घेतलेली इंजेक्शनं, हृदयाची झडप बदलली असेल तर ते तर नक्कीच, आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका. जेवून जा, उपाशी पोटी नको. आणि खुर्चीत आडवं व्हायच्या आधी विचारा की दाढ वाचेल ना, किती सिटिंग लागतील, सांगितलेल्या पैशात कॅप, म्हणजे दाढेवर नंतर बसवायचं टोपण, धरलीये का वेगळी, रबर डॅम लावता का (तो काय ते पुढे सांगतोय). हे विचारलं म्हणून चांगला डॉक्टर कधीच रागावत नाही.

आता ज्याची सगळ्यांना भीती ते. भूल हिरडीत देतात, ती सुई टोचते तेवढं जाणवतं, आणि हळूहळू ओठ जाडजूड झाल्यासारखा वाटतो. मोठ्याने सांगतो, रूट कॅनाल दुखत नाही, दुखत असते ती नस, आणि रूट कॅनाल म्हणजे ती नस काढणं. पण खरं तेही सांगायला हवं, खालची दाढ खूप भडकलेली असेल तर पहिली भूल कधीकधी पुरत नाही. आईचं तसं झालं. डॉक्टर म्हणाले, ‘काकू, जरा जरी लागलं तर डावा हात वर करा, मी थांबतो.’ आईने हात वर केला, ते थांबले, दाताच्या कडेने अजून एक इंजेक्शन दिलं आणि मग तिला काही कळलं नाही. हा हाताचा इशारा आधी ठरवून घ्या, सहन करत बसायची काही गरज नाही.

मग दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणतात, तोच रबर डॅम, १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा वापरलेला. त्याने लाळ आणि लाळेतले जंतू दाढेत जात नाहीत आणि बारीक सुई किंवा औषध घशात जात नाही. दाढेला वरून भोक पाडून नसेच्या पोकळीत जातात. मुळातल्या नसेच्या बारीक नळीला कालवा म्हणतो, समोरच्या दाताला साधारण एक, खालच्या मागच्या दाढेला तीन-चार, वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला बऱ्याचदा चौथा एक लपलेला, तो सुटला तर दाढ पुढे कुरकुरते. फाइल म्हणजे केसासारख्या बारीक सुया, मुठी रंगीत, पांढरी पिवळी लाल निळी, जाडीप्रमाणे. ओठाला एक हूक अडकवतात आणि सुई मुळाच्या टोकाशी जाते तसं मशीन टीं टीं करायला लागतं, टोक जवळ आलं की आवाज सलग. मी तो आवाज ऐकत छताकडे बघत पडलो होतो आणि मध्येच स्विमिंग पूलसारखा वास आला, ते कालवे धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट. खरं काम हे धुणंच आहे, सुई सगळीकडे पोचत नाही, पाणी पोचतं, म्हणून डॉक्टर परत परत धुतायत तर कंटाळू नका.

शेवटी कालव्यात गटापर्चाच्या गुलाबी काड्या सिमेंटसोबत बसवतात. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडाचा चीक, १९ व्या शतकात समुद्राखालून तारेच्या केबल टाकल्या त्यांना ह्याचंच वेष्टण असायचं, पाण्याला आत येऊ देत नाही म्हणून. सगळं एका दिवसात पण होतं, पू असेल तर मध्ये औषध ठेवून दोन-तीन सिटिंग.

मधल्या दिवसांत भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, काही चावून खाऊ नका, स्वतःचाच गाल चावला जातो आणि कळत नाही. मुलांकडे तर लक्षच ठेवा. दोन-चार दिवस चावताना ठसठसतं, ते चालतं. मऊ भात, मुगाचं वरण, खिचडी, आणि दुसऱ्या बाजूने. तात्पुरतं सिमेंट पडलं तर ‘पुढच्या वेळेला बघू’ नको, दुसऱ्याच दिवशी जा, कारण धुऊन काढलेल्या कालव्यात परत लाळ शिरते. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं किंवा सूज आली तर लगेच फोन.

आणि कॅप. इथेच अर्धी माणसं गळतात, दुखायचं थांबलेलं असतं, पैसे संपलेले असतात. माझ्या आत्याने रूट कॅनाल केली, कॅप दिवाळीनंतर करू म्हणाली, आणि संक्रांतीला गुळाच्या चिक्कीवर दाढ उभी चिरली, मुळापर्यंत. ती काढावीच लागली, रूट कॅनालचे सगळे पैसे पाण्यात. मागच्या दाढेत किडीने आणि कामाने इतकं पोखरलेलं असतं की उरलेल्या भिंती भाकरीचा किंवा सुपारीचा जोर घेऊ शकत नाहीत. म्हणून मागच्या दाढेला डॉक्टर सांगतील त्या आठवड्यातच कॅप, समोरच्या दाताला दर वेळी लागतेच असं नाही. पैसे कमी असतील तर महागड्या, दातासारख्या पांढऱ्या झिर्कोनियाच्या कॅपसाठी सहा महिने थांबण्यापेक्षा साधी धातूची कॅप लगेच बसवा, मागे कोण बघतंय. बसवल्यावर निळा कागद चावायला देतात, तेव्हा घाई करू नका, चार वेळा चावून बघा, जरा जरी उंच लागली तर घासून घ्या, उंच कॅपने दाढ परत दुखायला लागते आणि माणसाला वाटतं रूट कॅनाल फेल गेली.

माझ्या वेळी रूट कॅनालचे साडेचार हजार आणि कॅपचे सहा हजार लागले होते, शहराप्रमाणे आणि दाढेप्रमाणे कमीजास्त होतं. त्यापेक्षा काढून टाकू म्हणणारे भेटतात. मूळच चिरलं असेल किंवा हाड गेलं असेल तर काढणंच बरोबर, पण वाचणारी दाढ काढली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात, चावताना तिच्यावर टेकणारी दाढ त्या रिकाम्या जागेकडे सरकायला लागते आणि मग इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा, खर्च ह्याच्या कितीतरी पट होतो.

दाढ काढली की नजर जाते हे मी लहानपणापासून ऐकलंय, तसं काही होत नाही. गावाकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा काढून दाखवतात, दाढेत असा डोळ्याला दिसणारा किडा नसतोच, कीड म्हणजे जंतूंच्या आम्लाने पडलेलं भोक. आणि फोनवर फिरणारं ते, रूट कॅनालमुळे मोठे आजार होतात वगैरे, त्याचं मूळ गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वेस्टन प्राइस ह्या दंतवैद्याच्या प्रयोगांत आहे, नंतर नीट काळजी घेऊन तसे प्रयोग केले तेव्हा ते निष्कर्ष टिकले नाहीत.

सगळं झाल्यावर शेवटच्या एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, मुळात पांढऱ्या रेषा टोकाच्या अगदी जवळपर्यंत गेलेल्या दिसतील, आधीच्या फोटोशेजारी ठेवून बघा. वर्षाने परत एक एक्स-रे काढून घ्या, मुळाशी काळा डाग होता तो भरत आलाय का ते दिसतं. कॅपच्या कडेला हिरडीशी ब्रश रोज नीट फिरवा, तिथे परत कीड लागू शकते आणि आता त्या दाढेत नस नाही, त्यामुळे ती गार लागून सांगणार नाही, रात्री उठवणारही नाही. माझी पुढची तारीख जूनमध्ये आहे, ह्या वेळी ती रद्द करणार नाही.